मागून जेवणारीची सुई

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळची शुगर बरी. इन्सुलिनची सुई झाली, मंग भाकर. ब्लाउजं अजून ढीगभर पडले. साऱ्या आर्णी गावाले महालक्ष्म्याच्या आधी नवं ब्लाउज पाह्यजे, अन् कापड आणतात आदल्या दिवशी. शिलाई मशीनच्या चाकाखाली माहाच जीव.

कुसुमनं मात्र यंदा कापड आणलं नाही. पलीकडच्या दाराची कुसुम, माह्यासंगंच लग्न होऊन या गल्लीत आलती. तिचा पोरगा नितीन मागच्या सालच्या पोळ्याले बापाशी भांडून गेला, तवापासून फोन नाही. म्हणे, नवं कोणासाठी घालू. मी म्हटलं, लक्ष्म्यासाठी घाल.

रूपालीची कटकट सुरूच: आई, पूजेच्या दिवशी सुईचं कसं कराल? सूनबाई, तू शाळेत होती तवापासून मी लक्ष्म्या जेवू घालून राह्यली. ही शुगर काल आलेली पाहुणी.

३१ ऑगस्ट, रविवार

लक्ष्म्या आल्या, कुंकवाच्या पावलावरून. मुखवटे बसवताना रडू आलं. दरसाल येते, कायले ते माहीत नाही.

नणंद नेरहून सकाळच्या गाडीनं आली. चहा पिला नाही तं हुकूम सुरू. आमच्या घरचा रिवाज, जिनं लक्ष्म्या मांडल्या तिनं शेवटच्या पंगतीमागून जेवायचं. गेलेल्या सासूबाईचा नेम, आता नणंदेच्या तोंडी. रूपाली म्हणे, आत्या, त्यायले डॉक्टरनं उपाशी राहाले मनाई केली. नणंद म्हणे, उपाशी कोण ठेवते, मागून जेवायचं फक्त.

मी ठरवलं, उद्या सकाळी सुई घ्यायचीच नाही. नैवेद्य दाखवला की सुई, सुई झाली की ताट. यात चुकण्यासारखं काय आहे.

१ सप्टेंबर, सोमवार

हात कापते. रूपाली लिहू देत नाही. माय लक्ष्मी, तुह्या पायी

२ सप्टेंबर, मंगळवार

लक्ष्म्या गेल्या. घर खायले उठते. कालचं लिहून ठेवते. अर्धं आठवते, अर्धं रूपालीनं सांगतलं.

नैवेद्य दुपारी झाला. फ्रिजमधून इन्सुलिन काढलं, सुई टोचली, रोजच्या एवढीच. आता जेवतेच म्हणून. तेवढ्यात यायचे, रूपालीच्या सासऱ्याचे, दोस्त आले, पंगत बसली. मंग गल्लीतल्या बाया. मंग कोणाकोणाचे पाहुणे. दर पंगतीले वाटे, हीच शेवटची. घाम आला, वाटलं चुलीचा असंन. मंग जीभ जड झाली. पुरणपोळ्याची दुरडी हातातून पडली, अन् मी नणंदेले अगं-तुगं करून काय काय ऐकवलं म्हणे. उभ्या जन्मात हिंमत झाली नसती. (ऐकून थोडं बरं वाटलं. खोटं कायले लिहू.)

नणंद वरडली, आंगात आलं, देवी आली! झालं. कोणी कपाळावर मळवट भरला, कोणी पायावर डोकं ठेवलं. मी घामानं थबथब, मान डोलून राह्यली, अन् बाया हात जोडून प्रश्न इचारून राह्यल्या. अवतीभवती पुरण, गूळ, साखर, सारं होतं. एकीनंही माह्या तोंडात घातलं नाही.

कुसुम पुढं आली म्हणे. माय, माहा नितीन येईल का? मी म्हटलं, येईल, दाराशी येईल.

मले यातलं काही आठवत नाही. डोळ्यात कुंकू गेलं तेवढं आठवते.

रूपाली मागं भांड्याले बसलती. आवाज ऐकून धावत आली, साखरेचं पाणी केलं. नणंद आडवी आली, खरकट्या हातानं देवीले शिवू नको.

रूपाली म्हणे, "सरका आत्या. माही सासू मरून राह्यली."

नणंद सरकली. या रूपालीचं नाव मी तोंडानं अजून घेत नव्हती, नुसतं सूनबाई सूनबाई.

४ सप्टेंबर, गुरुवार

डॉक्टरकडे गेलतो. रागावतीन वाटलं तं हळू बोलले, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणे, सुई टोचली की ताट समोर पाह्यजे. वाढाले उशीर दिसला तं सुईच उशिरा. अन् आंग कापलं, घाम सुटला की आधी साखर, बाकी सारं मागून. आजूबाजूच्यायले सांगून ठेवा, एकट्यानं माहीत असून भागत नाही.

यायनं मेडिकलमधून ग्लुकोजचे डबे आणले. एक फ्रिजवर, एक मशीनजवळ. पानठेल्यावर दोस्त यायले देवीचे मालक म्हणून राह्यले, अन् यायची ऐट पाहा. मी म्हटलं, मालक, जरा भाजी निवडा.

७ सप्टेंबर, रविवार

बाया येऊन राह्यल्या. नारळ, पेढे, कोणाच्या पोरीचं लग्न, कोणाच्या नवऱ्याची दारू. मी म्हणते, बाई, ती शुगर होती. त्या हसतात अन् अजूनच वाकून पाया पडतात.

कुसुम ब्लाउजचं कापड घेऊन आली. मोरपंखी. नितीनची चादर धुतली म्हणे, त्याची गादी पेटीमागून काढली. तोंडावर किती दिवसानं उजेड. ती देवी नव्हती, माह्या ओठावर आलतं. पण नुसतं माप घेतलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज पुन्हा.

सुई झाली, भाकर तव्यावर, तेवढ्यात दोघीजणी आल्या. एकीचा नातू तापानं फणफणलेला. पाहुण्यासमोर आपणच कसं जेवायचं, म्हणून भाकर झाकून ठेवली. माही अक्कल पाहा. दवाखान्यात न्या, दवाखान्यात न्या म्हणत होती अन् माहीच जीभ वळेना. रूपाली बाजारात गेलेली. ग्लुकोजकडे हात नेला तं एकीनं दोन्ही हात धरून कपाळाले लावले. सोडेचना. ओढून घेतले अन् त्यायनंच आणलेले पेढे बोकाणे भरभरून खाल्ले.

त्या म्हणे, देवीनं प्रसाद घेतला.

त्या गेल्यावर हसली, मंग लय रडली. पेढे नसते तं? बाया हात जोडून बसल्या असत्या अन् मी त्यायच्यासमोर गेली असती. उदबत्तीसुद्धा लावली असती कोणी.

१३ सप्टेंबर, शनिवार

कुसुमले सांगतलं. तिच्या ओट्यावर, दोघीच. म्हटलं, त्या दिवशी देवी नव्हती वं. मी सुई घेऊन उपाशी राह्यली, माहं डोकं ठिकाणावर नव्हतं. तू दुसरं काही इचारलं असतं तरी मी येईलच म्हटलं असतं. मले पुन्हा तसं झालं तं पाया पडू नको, साखर घाल तोंडात.

ती म्हणे, "आजच सांगाचं होतं का तुले? दिवाळी तं होऊ द्याची."

उठून आत गेली. दार लावलं.

मी चुकली का? नाही. पण

२१ सप्टेंबर, रविवार

कुसुम बोलत नाही. नळावर समोरासमोर आलो तं पाण्याचा गुंड भरून निघून गेली. मोरपंखी ब्लाउज शिवून घडी करून पडलं आहे.

बाकीच्यायले रूपालीनं दारोदार जाऊन सांगतलं. अर्ध्यायले पटलं. अर्ध्या म्हणतात, सून शिकलेली आहे, तिले देवीचं काय कळते.

नणंदेचा फोन. आधी इकडचं तिकडचं, मंग म्हणे, पुढच्या साली तुहं ताट लक्ष्म्याच्या ताटासंगंच वाढू. सासूबाईच्या नेमाचं काय, मी इचारलं. म्हणे, आईले मी पाहून घेते. फोन ठेवल्यावर डोळे भरून आले. मी तिले अगं-तुगं केलतं ते तिनं काढलंच नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

कोजागिरी. दुपारी मीच गेली ब्लाउज घेऊन. किती दिवस रुसायचं माणसानं. सुई झालती, पोटभर जेवलती, शुगर पाहूनच निघाली.

कुसुमनं दार उघडलं. पाहते तं पदराच्या टोकाले गाठ. म्हटलं, पैसे कायले बांधले? तिनं सोडून दाखवली, साखर. म्हणे, तुह्यासाठी. नळावर येते तवा बांधूनच येते मी, तुहा काय भरोसा.

म्हणजे बोलत नव्हती, पण साखर घेऊन फिरत होती. मले काही सुधरेना. तिथंच ओट्यावर बसली.

तिनं मले आत नेलं, ब्लाउज घालून पाह्यलं. बाही जरा सैल. मी टाचण्या लावून राह्यली तं ती हळूच म्हणे, "विमल, आता तं डोकं ठिकाणावर आहे ना तुहं? मंग सांग. येईल का तो?"

टाचण्या माह्या तोंडात होत्या. एक एक काढून गादीत खुपसली, नितीनच्याच, दुसरं काही हाताशी नव्हतं.

म्हटलं, येईल.

खरं का खोटं, देवाले माहीत. पण या वेळी मीच बोलली, अन् मले आठवते. मंग तिनं गादीतल्या टाचण्या काढल्या अन् दोघीनं मिळून गादी उन्हात टाकली.