शिवणीतली माया

दि. ९ मार्च, बुधवार, दुपार

प्रिय धाकटे,

भावोजींचे तुला आशीर्वाद. आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, पत्रात आधी खुशाली, मग कामाचं. त्याच क्रमाने लिहायला बसलो आहे. बघू कुठवर जमतं.

दुकान बरं चाललं आहे. शाळेच्या गणवेशांचं काम आलं आहे, त्यामुळे घरभर खाकी चिंध्या. मशीनचा पट्टा बदलला. तुझ्या ताईने खिडकीतल्या कुंडीत मिरची लावली होती, तिला एकच मिरची आली. ती तोडायची नाही असा हुकूम आहे, आल्यागेल्याला दाखवायची असते. तुम्ही सगळे ठीक असाल. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. शिवाय आमचं घर म्हणजे दुकानामागची एक खोली. मी फोनवर काय बोलतो ते तिला ओट्यापाशी ऐकू जातं.

तुम्हा बहिणींच्या भांडणाला आता एक हिवाळा उलटला. तुझं वाक्य ती मला अजून तुझ्याच आवाजात म्हणून दाखवते, "ताई, तुला झाला म्हणून सगळ्यांना व्हायलाच हवा का?" नक्कल चांगली करते. स्वतःच हसते. तिचं म्हणणं एवढंच होतं, की तुमची आई पोट फुगून गेली, मावशीही तशीच गेली, आणि तिला स्वतःला अंडाशयाचा कॅन्सर निघाला. तेव्हा तू रक्ताची ती एक तपासणी करून घे, घराण्यात चालत आलेला दोष दाखवणारी. दोष निघाला तर वेळेत काही करता येतं.

परक्या बायकांना ती हेच सांगत फिरली. गिरणीत, शाळेत, दवाखान्यातल्या बाकांवर. मी मागे पिशवी धरून बसायचो. "बायांनो, चार घास खाल्ले की पोट गच्च होतं, सारखं लघवीला जावं लागतं, आणि आपण म्हणतो गॅस झाला. मी तर शिंप्याची बायको. दर थोड्या दिवसांनी म्हणायचे, अहो, कंबरेत जरा सोडा. ह्यांनी सोडलं. शिंपी चांगला, पण डॉक्टर अगदीच टाकाऊ." बायका माझ्याकडे वळून हसायच्या. हसून झालं की मग खरं विचारायला लागायच्या. एक बाई तपासून आली आणि हिच्या गळ्यात पडून रडली. सख्खी बहीण तेवढी ऐकत नाही, हे तिचं खरं दुखणं.

लिहिताना भूतकाळ येतो आहे, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

तुला शिवणातलं फारसं ठाऊक नाही म्हणून सांगतो. कपडा शिवताना शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडतात. अंग भरलं तर उसवून कपडा सैल करता यावा म्हणून. त्याला आम्ही माया म्हणतो. औषधोपचार संपले तेव्हा तुझी ताई अर्धी झाली होती. चार लोकांत बोलायला जाते, म्हणून मी तिला जांभळा ड्रेस शिवला आणि सवयीने आत भरपूर माया ठेवली. तिने उलटा करून पाहिला.

"ही कापून टाका."

"टोचते का?"

"टोचत नाही. पण ती आत असली की वाटतं, पोट परत यायची तुम्ही सोय करून ठेवली आहे."

शिंप्याने असं करू नये. पण त्या दिवशी कात्री चालवताना मला देवाला हात जोडल्यासारखं वाटलं. अगदी शिवणीलगत कापली.

मागच्या आठवड्यात तिला एका कारखान्यात बोलायचं होतं. तो ड्रेस घालून ती माझ्यापुढे पाठ करून उभी राहिली. चेन वर जाईना. टेप माझ्या गळ्यातच होती, पण मी ती काढली नाही आणि तिनेही काढा म्हटलं नाही.

"आत काही शिल्लक आहे का हो?"

"नाही."

"मीच कापायला लावली," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली.

धाकटे, तो परत आला आहे. डॉक्टरीणबाईंनी पोटातलं पाणी काढलं. औषध पुन्हा सुरू करू म्हणाल्या, पण या वेळी बरं करण्यासाठी नाही, जितकं लांबवता येईल तितकं. मी पेज करून देतो, ती दोन चमचे घेते आणि माझं मन राखायला तिसरा तोंडात धरून ठेवते. मला ते दिसतं. सकाळी देवापुढे बसतो. पूर्वी मागणं ठरलेलं असायचं. आता काय मागावं हे सुचत नाही, तसाच उठतो.

हे तुला कळवायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली आहे. म्हणाली, "माझी कीव येऊन ती तपासायला गेली तर मला नको. तिचं तिला पटू दे." मी हो म्हटलं होतं.

आत्ता ती जागी झाली. कोणाला लिहिताय, म्हणाली. धाकटीला, म्हटलं. काय लिहिलंत? खुशाली. तिने कूस वळवली.

"तिला म्हणावं, भांडायला तरी ये. एकटीला भांडता येत नाही."

पुन्हा डोळे मिटून पडली आहे. झोप नाही, नुसतीच पडली आहे.

कारखान्यातल्या बायकांना नाही म्हणून कळवलं. तिच्या जागी आपण जावं असं मनात आलं होतं, पण माझी हयात मान खाली घालून काम करण्यात गेली, चार बायकांपुढे मला तोंड उघडता यायचं नाही. मला एकाच बाईला सांगता येईल, ती तू. पोट दुखो न दुखो, जाऊन तपासून घे. कीव येऊन गेलीस तरी चालेल. तिला चालणार नाही, मला चालेल. आणि मग ये. तपासणीत काहीही निघालं तरी तिला तुझ्या तोंडून ऐकू दे. तिच्यासाठी करण्याजोगं आता एवढंच उरलं आहे, आणि तेही माझ्या हातात नाही.

शब्द मोडलेला,
तुझा भावोजी