तुझ्या उतारावरचं पाणी

प्रिय देबुली,

पाकिटावर माझं नाव वाचून तू आधी चष्मा पुसला असशील आणि मग म्हणाली असशील, ही अजून जिवंत आहे? आहे. गुडघे गेले, दात गेले, जीभ तेवढी शाबूत आहे. दुसरीपर्यंतच्या शाळेत जेवढं शिकले तेवढ्यावर लिहिते आहे, आणि त्यातही निम्मे दिवस आपण दोघी मास्तरांच्या गाईला गवत आणत होतो. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसू नकोस. पत्र चुलीत घालावंसं वाटलं तर घाल, पण आधी शेवटपर्यंत वाच.

घरचं सांगते. थोरला मुलगा हल्द्वानीत आहे, दर रविवारी फोन करून आईला विनवतो, इजा, खाली ये, इथं नळ फिरवला की पाणी. मी म्हणते, नळाशी काय गप्पा मारू? धाकटी सून गुणाची आहे, पण गहताच्या डाळीत तिनं पाणी घातलंय की पाण्यात डाळ, ते अजून मला कळलेलं नाही. गावात ऐकायला माणसंही उरली नाहीत म्हणा. अठरा घरांतल्या सात घरांना कुलपं. परवा घुघुतियाच्या सणाला कावळ्यांना हाका मारायला तीन पोरं होती, कावळेच जास्त. लोक जातात ते नौल्यातला झरा आटतो आहे म्हणून. तो गेला की उरलेली अकरा घरंही जातील, आणि त्यात मीही.

आपण दोघी एकाच मंगसीर महिन्यात सासरी आलो. मी सिमलगैरला, तू डोंगराच्या धारेपलीकडे पाटलीला. सासूनं मला नौल्यावर नेलं, कुंकू लावायला लावलं, डोक्यावर पहिली घागर दिली. तेव्हा दगडाच्या फटीतून पाणी असं यायचं की बादली खाली ठेवून पदर खोचेपर्यंत भरून वाहायची. गेल्या जेठाच्या उन्हाळ्यात तीच बादली भरायला सहा मिनिटं अकरा सेकंद लागली. सेकंदांचं मला कसं कळतं, तेही सांगते.

तुला ठाऊक असेल, मी इथल्या महिला दलाची प्रमुख होते. सात वर्षं, दर माघात, नौल्याच्या वरच्या उतारावर मी बायकांकडून खड्डे खणून घेतले. पावसाचं पाणी तिथं मुरेल आणि खाली नौल्यात उतरेल. पाणी वरून खाली जातं, यात कसली अक्कल लागते? नौला बोटभरही वाढला नाही. मी बायकांवर ओरडायचे, तुम्ही खणता की कोंबडीसारखं उकरता? बिशनी एकदा कुदळ टाकून म्हणाली, काकी, तुझ्या शिव्यांनीच खड्डे भरतात, पाण्याला जागा कुठं राहते!

मग दोन वर्षांपूर्वी ती पोरगी आली, कंचन. दगडांचा अभ्यास करते. पहिल्या दिवशी माझ्यासमोर तिनं वाटेवरचा दगड उचलला आणि त्याला जीभ लावली. मी म्हटलं, अगं, घरी मीठ मिळत नाही का? ती म्हणाली, आमा, जिभेला चिकटला तर त्यात चिकणमाती असते, त्यातून पाणी जात नाही. मी तिला वेडी ठरवून चहा दिला. तिनं मला बटणाचं घड्याळ दिलं आणि दर सोमवारी बादली किती वेळात भरते ते वहीत लिहायला लावलं. पावसासाठी अंगणात एक डबा ठेवला. मी तिला म्हटलं, पाऊस कमी झालाय, हे सांगायला डबा कशाला? तर म्हणे, कमी नाही झाला आमा, एकदम पडायला लागला. पूर्वी हिवाळ्यात बर्फ बसून राहायचं, थेंब थेंब मुरायचं. आता बर्फ नाही, आणि महिन्याचा पाऊस दुपारभरात पडून गधेऱ्याच्या ओढ्यानं निघून जातो. म्हणून तो नेमका कुठं मुरतो ते शोधायचं आणि तिथंच अडवायचं.

त्यासाठी ती धार ओलांडून तुमच्याकडे महिनाभर फिरली. परत आली ती खिशात अक्रोड घेऊन. दोन खाल्ल्यावर कळलं, तुझ्या झाडाचे. तूच दिलेस म्हणे, आणि विचारलंस, खष्टी अजून तशीच तिखट आहे का? तू काय सांगितलंस, असं मी कंचनला विचारलं, तर ती नुसती हसली. पोरगी हुशार आहे.

मागच्या आषाढात तिनं मला चुलीपाशी बसवून सगळं समजावलं. मडुव्याच्या रोट्यांची चवड घेतली, तिरकी धरली. आमा, हा तुमचा डोंगर. थर सगळे तुमच्या बाजूला कललेले. तुमचा उतार म्हणजे सगळ्यात वरच्या रोटीची पाठ, चिकणमातीची, तिच्यावरून पाणी घसरून जातं. पण पलीकडच्या बाजूला, पाटलीच्या उतारावर, रोट्यांच्या कडा उघड्या आहेत. तिथं पडलेलं पाणी दोन रोट्यांच्या मधून आत शिरतं आणि डोंगराच्या पोटातून तिरकं उतरत तुमच्या नौल्यात येतं. मी म्हटलं, रोट्या ठेव खाली, अन्नाशी खेळू नये. सात वर्षं आम्ही रोटीची पाठ खणत होतो.

खोटं वाटत असेल तर तुमच्या पांढऱ्या कड्याखालच्या फटीत तिनं काय ओतलं ते तुमच्या गुराख्यांना विचार. पोटात गेला तरी काही न करणारा हिरवा रंग. एकोणीस दिवसांनी सकाळी नौला कोवळ्या गव्हासारखा हिरवा. जाऊबाई पायरीवर बसून किंचाळल्या, देवी कोपली! मला माहीत होतं, देवी नाही. तिथं वाकून बघताना मला तुझी घागर आठवली.

तेवीस वर्षांपूर्वीचा तो जेठ महिना तूही विसरली नसशील. तुमच्या धाऱ्याचं पाणी सुकलं होतं. नऊ जणी धार चढून, उतरून आमच्या नौल्यावर आलात. आमच्यातल्या दोघी म्हणाल्या, भरू दे गं, तहानेचं आहे. मी पायरीवर आडवी उभी. म्हटलं, आज घागर, उद्या टाकी घेऊन येतील. आमच्या डोंगराचं पाणी आमचं आहे. तू तोवर घागर भरली होतीस. मी ती पायानं कलंडवली. पाणी पायऱ्यांवरून तुझ्या चपलांपर्यंत गेलं. तू रडली असतीस, शिव्या दिल्या असत्यास, तर मीही चार दिल्या असत्या आणि विषय संपला असता. तू घागर उचललीस, पदरानं पुसलीस आणि म्हणालीस, बरं. एवढंच. त्या ‘बरं’नं मला तेवीस वर्षं पोखरलं आहे, देबुली.

तू वनपंचायतीची सरपंच झालीस हे ऐकलं तेव्हा मी म्हटलं होतं, पाटलीतले पुरुष संपले की काय. मग आत जाऊन गूळ खाल्ला. कुणाला सांगितलं नाही.

आता पत्राचं कारण. येत्या पौर्णिमेच्या तुमच्या बैठकीत कंचनचा कागद येईल. तुमच्या उतारावर अडीचशे खड्डे, पाणी धरून ठेवणारी बांजाची रोपं आणि तीन वर्षं चराई बंद. आमचा ग्रामप्रधान म्हणत होता, जीपमधून साहेब पाठवू, सरपंचबाई सही करेल. मी म्हटलं, माझं पत्र पोचायच्या आत तिकडं चाक फिरलं तर टायरमध्ये विळा घालीन. खड्डे आमच्या बायका खणतील, भाकरी बांधून येतील. शिवाय त्या कागदात मी एक ओळ घालायला लावली आहे: वैशाख-जेठात नौल्यावर आधी पाटलीच्या घागरी भरतील, मग आमच्या. तीन वर्षं तुझ्या शेळ्यांचा चारा जाणार, हे मला कळतं. सही करू नये वाटलं तर करू नकोस. मी तुला दोष देणार नाही, द्यायला तोंडही नाही. पण सही होवो न होवो, बैठकीत हे पत्र सगळ्यांसमोर वाच. मी जे केलं ते चारचौघींत केलं, तेव्हा हेही चारचौघांत ऐकलं जायला हवं. बाकीचं गाळलंस तरी चालेल, एवढं मोठ्यानं वाच: सिमलगैरच्या खष्टीनं देबुलीला देबुलीच्याच पाण्यावरून हाकललं. खष्टी चुकली.

तू म्हणशील तेव्हा तुझीच,
खष्टी