लाल दोऱ्याची गाठ

पप्पा,

आपला राहिलेला शेवटचा भाग मी परवा पाहिला. जपानी कार्टूनमधला तो गाव जळालेला मुलगा शेवटी काय करतो, हे तुम्हाला कळलंच नाही. त्या संध्याकाळी लाईट गेली आणि तुम्ही म्हणालात, "परत दाखवतील." पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. परवा राहनाळच्या गोदामातल्या कामावरून घरी आले, मोबाईलवर तेच हिंदी आवाज ऐकू आले, आणि मी जेवण तसंच ठेवून बघत बसले.

तुमची रात्रपाळी असायची त्या आठवड्यात, कारखान्यात लूमवर कापड विणायला जायच्या आधी आपण दोघं ते बघायचो. तो मुलगा तलवार घेऊन शत्रूच्या घरात शिरतो. आत शत्रूची आई जेवण वाढत असते आणि लढाईत मेलेल्या मुलाचीही वाटी मांडते. मुलगा उंबऱ्यावरच बसून राहतो. मला राग आला होता. "मारायला पाहिजे होतं त्याने." तुम्ही बशीत चहा ओतलात आणि विचारलंत, "मारून झाल्यावर तो जेवायला कुठं बसंल?" "त्याच्या घरी." "घर तर जळलंय ना त्याचं." तुम्ही असेच शिकवायचात. शाळेच्या आधी अक्षरंही पुठ्ठ्यावर तुम्हीच शिकवलीत, आणि चुकलेलं खोडू द्यायचा नाहीत. बाजूला बरोबर लिहायला लावायचात. आजही गोदामातली यादी मी तीनदा तपासते, आणि तरी रस्त्यात थांबून वाटतं, काहीतरी चुकलंय.

पण तेव्हा माझ्या डोक्यात तुमच्या जोडीचे चाचा होते. तुम्ही दोघं एकाच लूमवर, एक दिवसा, एक रात्री. त्यांनीच शेठला सांगितलं की तुमच्या पाळीच्या कापडात तार, म्हणजे उभा धागा, सुटलेली आहे. मी डबा घेऊन उभी होते आणि शेठ सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणाला, "डोळे घरी ठेवून येतो काय रे?" लोक हसले. घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, "त्याचं खरं हाय. तार तुटली, मला दिसली न्हाय. तो बोलला नसता तर त्याच्यावर आलं असतं. त्याची पण तुझ्याएवढी पोरगी हाय गावाला." मला त्या पोरीचाही राग आला.

पाळी संपली की कापडाच्या काठाला लाल दोरा बांधायची तुमची पद्धत, म्हणजे कुठपर्यंत कुणाचं काम ते कळे. मग एका सकाळी चाचा रात्रपाळी संपवून दोरा बांधून गेले, तुम्ही लूम चालू केलात, आणि थोड्याच वेळात लाईट गेली. मी नाश्ता घेऊन आले तेव्हा सगळे बाहेर चहा पीत होते. लूम गप्प. दोऱ्याच्या पुढे हातभर कापड विणलेलं, आणि त्यात एक तार सुटलेली. तुमच्या पाळीतली. मी तो दोरा सोडला आणि सुटलेल्या तारेच्या पुढे बांधला. तुम्ही माझ्या रिबिनीला बांधायचात तशी दुहेरी गाठ. मग तुमच्याजवळ येऊन बसले. तुम्ही मला अर्धा पाव दिलात.

कापड तपासलं त्या दिवशी तुम्ही घरी येऊन एवढंच सांगितलंत, "तार माझी न्हाय म्हणत होता, तर आज चाचाला शेठनं खोटारडा म्हटलं. तो रडला." मी भात कालवत राहिले. दुसऱ्या दिवशी शाळेसाठी माझी रिबीन बांधताना तुम्ही तीच दुहेरी गाठ मारलीत आणि ती बराच वेळ बोटांत धरून ठेवलीत. "काय झालं पप्पा?" "काय न्हाय. उशीर होतोय तुला." मी ठरवलं, तुम्हाला काही कळलेलं नाही. मला तसंच ठरवायचं होतं.

तुम्ही गेलात तेव्हा चाचा आले. मी त्यांना पाणी दिलं. म्हणाले, "तेरे पप्पा ने खुद शेठ को जाके बोला था कि गाँठ उसी ने सरकाई। गलती किससे नहीं होती, बेटी। मैंने तो उसको उसी दिन माफ कर दिया था।" त्यांनी प्यालेला पेला माझ्या हातात दिला आणि मी तो आत नेऊन धुतला. पेला धुऊन झाल्यावरही नळ चालूच ठेवला.

शेवटच्या भागात तो मुलगा शत्रूच्या त्या आईच्या दारात परत जातो. तिची गवताची गंजी त्याने पेटवलेली असते, आणि ते कुणालाच माहीत नसतं. तो म्हणतो, आग मी लावली. ती त्याला माफ करत नाही. दारातून थोडी बाजूला सरकते, एवढंच. तुम्ही शेजारी असतात तर आता काय विचारलं असतंत, ते मला ठाऊक आहे. तरी तुमच्या तोंडून ऐकायला हवं होतं.

चाचा अजून भिवंडीतच आहेत. आता लूमवर जात नाहीत, मशिदीमागच्या गल्लीत दारात खुर्ची टाकून बसतात. तिथल्या कोपऱ्यापर्यंत जाऊन मी दोनदा परत आले. त्यांच्या लेखी गाठ अजून तुम्हीच सरकवलेली आहे. हे पत्र मी त्यांनाच लिहायला बसले होते, पप्पा. पहिल्या ओळीत तुमचं नाव लिहिलं, कारण ते सोपं होतं.