लूम चालू होते

सर, तुमचा निजामपुऱ्यातला माळा आधी माझ्या पायांना आठवतो. शेजारच्या लूमनी, कापडाच्या यंत्रमागांनी, त्याच्या फळ्या दिवसभर थरथरायच्या, आणि त्या फळ्यांवर आपलं टेबल. विद्यापीठात मायक्रोवेव्ह लहरींच्या प्रयोगांसाठी धड एक खोली मिळेना, म्हणून सुट्टीत तुम्ही अर्धी प्रयोगशाळा घरी आणलीत आणि मी, तुमचा संशोधनाचा विद्यार्थी, खारबावहून रोज हजर. भंगारात निघालेल्या रडारचा मॅग्नेट्रॉन लहरी तयार करायचा, आणि त्या वाहून न्यायला पितळेचा चौकोनी पाइप, वेव्हगाइड. मला तो सगळा पसारा फार आवडायचा आणि त्याची भीतीही वाटायची, कारण ज्याच्याशी आपण खेळत होतो ते दिसतच नव्हतं.

लूमची शिफ्ट बदलली की व्होल्टेज डगमगायचं आणि फ्रिक्वेन्सी भरकटायची. म्हणून आपला नियमच होता: मॅग्नेट्रॉन एकदा स्थिर झाला की दिवसभर बंद करायचा नाही. लहरी जुळवायचा पाइपातला स्क्रू किती खाली गेलाय ते पाहायचं तर चालू असतानाच पाइपाच्या उघड्या तोंडाशी डोळा न्यायचा. त्याआधी तुम्ही तिथे तळहात धरायचात. ऊब लागली की, "आली बघ एकदाची," म्हणायचात आणि वाकायचात. एकदा मी वाकलो, तर तुम्ही खांद्याला धरून मला मागे ओढलंत. "तू मीटर बघ. हे माझं काम." इतकं तुटक तुम्ही माझ्याशी कधीच बोलला नव्हतात. शिकवताना हात आखडता घेताय असं वाटून मी दिवसभर तोंड फुगवून आकडे लिहीत बसलो.

पुढे तुम्ही सारखा चष्मा पुसू लागलात. वर्गात फळ्यावर एका ओळीवर दुसरी ओळ लिहायचात, मुलं हसायची. "नंबर वाढलाय," म्हणून तुम्ही विषय उडवून लावायचात.

मग ती दुपार. स्वयंपाकघराची खिडकी लूमच्या भिंतीला लागलेली, त्यामुळे दिवसाही दिवा लागतो. काकू भाकरी वाढताहेत. तुम्ही ताटात चाचपडता आणि म्हणता, "लाइट गेली वाटतं." काकूंचा हात तसाच राहतो. निजामपुऱ्यात लाइट गेली की आधी गल्ली गप्प होते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. काकू पूर्ण्याच्या शेतकरी घरातल्या, एरवी मोठ्याने बोलणाऱ्या. त्या हळूच म्हणाल्या, "लाइट हाय. लूम ऐकू येत न्हाय का तुम्हांना?" तुम्ही भाकरी मोडलीत. "येतात ना," म्हणालात. जेवून आपण वर गेलो, तुम्ही तळहात धरलात आणि सवयीने पुन्हा वाकलात. मला तुमचा फार राग आला, सर, आणि तितकीच भीतीही वाटली.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, आणि इतक्या कमी वयात कसा, म्हणून तेही बुचकळ्यात पडले. ऑपरेशन करूनही एक डोळा गेला, दुसऱ्यावर तुम्ही शेवटपर्यंत शिकवलंत. तळहाताला लागणारी ती ऊब डोळ्यातही शिरत होती, पण कशाने झालं हे तुम्ही बोलला नाहीत. मला मागे ओढलंत तेव्हाच तुम्हाला कळलं होतं, असं मला वाटतं.

आता मीही तोच विषय शिकवतो. माझ्याकडे पाइपात पाहायचं तर आधी यंत्र बंद, मग प्लग काढून खिशात. परवा एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, एवढं कशासाठी? कुणाला काही झालंय का?" तुमचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण ते घेतलं असतं तर पुढे तुम्ही चुकलात असंही म्हणावं लागलं असतं, आणि ते अजून माझ्याच्याने होत नाही. मी म्हटलं, पुस्तकात दिलंय.