‘जाणे’ हे क्रियापद मी कसं चालवलं

तीर्थस्वरूप दाजी,

कंबर परवानगी देईल तितकं वाकून नमस्कार. (पूर्ण वाकलो तर उठवायला हिला हाक मारावी लागते, आणि ही सध्या फोनवर आहे. कुणाशी, ते पुढे येईल.) आपला गुडघा काय म्हणतो? ताईच्या कानातलं यंत्र नीट बसलं, की अजून समोरच्याने शिंकलं की शिट्टी वाजवतं? इकडे एक माझी डावी दाढ सोडली तर सगळे ठणठणीत आहोत.

चिरंजीवांच्या लग्नाची बातमी आपल्याला पोचलीच आहे. त्याबरोबर आणखीही एक बातमी पोचली असणार, की मी होणाऱ्या विहीणबाईंना गाडीत रडवलं आणि भर चौकात वाहतूक तुंबवली. ही बातमी चिरंजीवांनी पसरवली आहे. ते त्या वेळी परदेशात स्वतःच्या ऑफिसात बसले होते. मी गाडीत होतो. तेव्हा खरं काय ते माझ्याकडूनच ऐकावं.

मुलगी चांगली आहे, आपल्या पोराला ऐकवते, म्हणजे जोडी टिकणार. अडचण तिच्या आईची होती. बाईंना नवरा नाही, एकुलती एक मुलगी, आणि लग्नानंतर दोघं इकडे आमच्याजवळ राहायला येणार. बाई म्हणाल्या, आधी मी ते घर, ती माणसं स्वतःच्या डोळ्यांनी बघते, मग बोलते. रास्त आहे. आपणही ताईला देताना... असो, आपल्याला तर आम्ही न बघताच दिली. तर बाई एकट्या आठवड्यासाठी यायच्या ठरल्या. मुलांना दोघांनाही रजा नाही. बाईंना स्पॅनिशशिवाय अक्षर येत नाही, आणि आमच्या घरात स्पॅनिश म्हणजे एक फरशी पुसायचा द्रव येतो, त्याच्या बाटलीवर चार ओळी आहेत, तेवढंच.

ही म्हणाली, हसून खाणाखुणांनी निभावू. मी म्हटलं, मुलाच्या संसाराचा प्रश्न आहे, खाणाखुणा कसल्या करतेस! आणि लाँड्रीच्या वरच्या खोलीत संध्याकाळचा वर्ग चालतो तिथे नाव घातलं. वर्गात एक नर्स, कॉलेजातल्या दोन मुली आणि मी. शिकवणाऱ्या बाई आमच्या चिरंजीवांच्या वयाच्या. खालून इस्त्रीची वाफ सतत वर येते, त्यामुळे विद्यार्थी कोरा आला तरी जाताना कडक होऊन जातो. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की या भाषेत सगळा खेळ क्रियापदाचा आहे. शेकडो आहेत. मी विचार केला, दाजी, सगळी शिकायला आयुष्य पुरणार नाही, एकच घ्यावं पण पक्कं करावं. कुठलं? मी ड्रायव्हिंग स्कूलवाला माणूस. तीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून मी काय बोललो? जा, जाऊ द्या, चला, अहो कुठे चाललात, गेलं गटारात! म्हणून मी ‘ईर’ घेतलं. ईर म्हणजे जाणे. आणि क्रियापद चालवणं काय नि गाडी चालवणं काय, चालवणे हा आपला धंदाच आहे.

हे ईर म्हणजे अत्यंत लहरी जनावर निघालं. नाव ईर, पण रूप चालवायला घेतलं की ईर कुठेच नाही. मी जातो म्हणजे बोय, तू जातोस म्हणजे बास, आपण जातो म्हणजे बामोस. (लिहायचं व, म्हणायचं ब. विचारायचं नाही.) पूर्वी जायचो ते ईबा. जाईन ते इरे, तिथे बिचारा ईर जरा तोंड दाखवतो. आदराने ‘आपण जावं’ म्हणायचं तर बाया. आणि गेला, गेली, गेलं, तिन्हीला एकच, फुए. वर्गातल्या बाईंनी आणखी एक सांगितलं, की हेच फुए ‘होता, होती’ या अर्थीही चालतं, ते दुसऱ्या एका क्रियापदाचं रूप आहे, तेव्हा जपून. नर्सने ते तांबड्या शाईने लिहून घेतलं. मी म्हटलं, एकाच्या कष्टात दोन येतात, मग तर उत्तमच! त्या दिवसापासून मी दात घासताना, गिअर बदलताना बोय-बास-बा चालू केलं. एका शिकाऊ गृहस्थांनी माझं ‘बास’ ऐकून उड्डाणपुलावर मधोमध गाडी थांबवली. म्हणाले, तुम्हीच बास म्हणालात.

विहीणबाई आल्या त्याच सकाळी हिची दाढ अचानक ठणकायला लागली. आमची दातांची डॉक्टरीण आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसते. तिने हिला लगेच बोलावलं, त्यामुळे विमानतळावर मी एकटाच गेलो. स्कूलचीच गाडी नेली. (आपली घरची गाडी म्हणजे तीच. टपावर शिकाऊचा फलक, आणि शेजारच्या सीटच्या पायाशी शिकवणाऱ्यासाठी जास्तीचा ब्रेक.) बाई उंच, शिडशिडीत, केस पांढरेशुभ्र, चालण्यात पोलिसखात्याचा रुबाब. मला पाहून हसल्या नाहीत. हात मिळवला, आजूबाजूला बघितलं आणि काहीतरी विचारलं. त्यात ‘एस्पोसा’ हा शब्द मी अलगद टिपला. एस्पोसा म्हणजे बायको. बायको कुठे आहे, असं विचारत होत्या.

दाजी, अशा क्षणासाठीच माणूस शिकतो. मी छाती काढून म्हटलं, “मी एस्पोसा... फुए.” (त्यांच्यात ‘मी’ म्हणजे ‘माझी’.) आणि तिसरा मजला दाखवायला बोट वर केलं.

बाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मला वाटलं, माझे उच्चार ऐकून गहिवरल्या. परक्या मुलखात आपली भाषा ऐकली की होतं असं.

गाडीत त्यांना शेजारी बसवलं. त्या अधूनमधून माझ्या खांद्यावर थोपटत होत्या. इतका प्रेमळ श्रोता मला घरात कधी मिळालेला नाही, त्यामुळे मी सगळे काळ बाहेर काढले. माझी दाढही दुखतच होती, उद्याची वेळ घेतलेली होती. म्हटलं, “मान्याना, यो बोय.” उद्या मी जातो. बोट वर. बाई दचकल्या. मी धीर दिला. पोरगाही सुट्टीवर आला की त्याच डॉक्टरणीकडे जाणार असतो, म्हणून भविष्यकाळ घेतला, “मी इखो इरा.” माझा मुलगा जाईल. बोट वर. मग कुटुंबाची एकजूट कळावी म्हणून, “तोदोस बामोस!” आम्ही सगळेच जातो! बाई थोपटायच्या थांबल्या आणि दाराकडे सरकल्या. मला वाटलं, ऊन लागतंय. शेवटी पाहुण्यांचाही मान राखावा, म्हणून आज्ञार्थातलं आदरार्थी रूप काढलं. “बाया उस्तेद ताम्बिएन.” आपणही जावं. आणि डॉक्टरणीचा हात खरंच हलका आहे, म्हणून खात्री दिली, “सिन दोलोर.” अजिबात दुखत नाही.

बाईंनी किंचाळून दोन्ही पाय पुढे रोवले. त्यांच्या पायाखाली काय होतं ते मी वर कंसात सांगितलंच आहे.

गाडी चौकाच्या बरोबर मध्यात उभी राहिली. मागे बस, बसच्या मागे अख्खं शहर. वाहतूक पोलीस आला, त्याने टपावरचा फलक वाचला आणि मला म्हणाला, “काका, या वयात शिकताय, कौतुक आहे, पण घरच्या कुणाला सोबत घेत जा.” तीस वर्षांत माझा असा अपमान झाला नव्हता. तरी मी शांतपणे गाडी घरी आणली. बाई पर्स छातीशी धरून, माझ्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवून बसल्या होत्या.

घरी पोचून बेल वाजवली. दार हिनेच उघडलं. दाढ गेलेली, अर्धा चेहरा सुजलेला, अर्धा बधिर, तोंडात कापसाचा बोळा, वर स्वागताचं हसू आणायचा प्रयत्न. बाईंनी हिचे फोटो पाहिलेले होते. त्यांनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि चपलांच्या कपाटावर मटकन बसल्या. ही तोंडातल्या बोळ्यातून विचारतेय, “काय शांगितलंत यांना?” आणि मी म्हणतोय, “तू गेलीस एवढंच!”

फोन लावला. होणाऱ्या सूनबाईंनी एक बाजू आईकडून ऐकली, एक माझ्याकडून, आणि नंतर बराच वेळ फोनमधून नुसता हुंदक्यांसारखा आवाज. मला वाटलं, मोडलं लग्न. पोराला काय तोंड दाखवायचं? पण ती हसत होती. मग तिने आईला समजावलं, की मेलेलं कुणी नाही आणि मरणारही कुणी नाही, तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर आहे. बाईंनी उठून हिच्या सुजलेल्या गालाला हलकेच हात लावला. गरम लागला असावा. मग त्या अशा हसायला लागल्या, की कपाट हलून माझे बूट खाली पडले. हिला हसता येईना, गाल धरून कण्हत हसत होती. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून आत गेल्या. सामान मी उचललं.

पुढचा आठवडा मला घरात कुणी काही विचारलं नाही. दोघी स्वयंपाकघरात, गच्चीवर, बाजारात. ही मराठीत बोलायची, त्या स्पॅनिशमध्ये, आणि दोघींना सगळं कळायचं. मला मात्र बाईंनी चौथ्या दिवशी बोलावून गाडीची किल्ली दाखवली. नवऱ्याने त्यांना कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता म्हणे. (हे हिने मला सांगितलं. कुठल्या भाषेत कळलं कोण जाणे.) मैदानावर नेलं. त्या क्लच सोडताना ओठ चावत, मी बा, बा, बामोस म्हणत. गाडी पहिल्यांदा सरळ गेली तेव्हा त्या काच खाली करून ओरडल्या, “बोय! बोय!” साठी उलटलेली बाई, पांढरे केस वाऱ्यावर, आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. माझ्या हाताखालून हजारो लोक शिकून गेले, पण असं ओरडलेलं कुणी आठवत नाही.

निघताना विमानतळावर त्यांनी आम्हा दोघांचे हात हातात घेतले, मुलीसाठी होकार दिला (तो मान हलवून दिला, व्याकरण लागलं नाही), आणि आत जाताना वळून स्वच्छ मराठीत म्हणाल्या, “येते.” हिने शिकवलं होतं, की आमच्यात जाणारं माणूस जाते म्हणत नाही. हिने डोळे पुसले. मीही जरा चष्मा पुसला, धूळ फार होती.

तेव्हा बातमी फुगवून सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. एकंदरीत माझ्या स्पॅनिशमुळेच हे लग्न जमलं, असं माझं स्पष्ट मत आहे. ताईस नमस्कार, चिमुरड्यांस पाठीत हलका धपाटा.

आपला
धाकटा मेहुणा

ता.क. लग्न तिकडे आहे, तिकिटं आपल्यासकट काढली आहेत. समारंभात मुलाच्या वडिलांनी चार शब्द बोलायचे असतात. माझं भाषण तयार आहे. परंतु चिरंजीव, सूनबाई आणि ही, तिघांनी बैठक घेऊन ठरवलं आहे, की मी फक्त हसत बसायचं आणि बोलणार ही. (ही रोज विहीणबाईंशी तासभर फोनवर असते, आत्ताही आहे, आणि ऐकणाऱ्याला कीव यावी इतकं भराभर स्पॅनिश बोलते. वर्ग नाही, पुस्तक नाही. याला शिकणं म्हणत नाहीत.) तर मुख्य विनंती ही, की आपण ज्येष्ठ आहात, पहिल्या रांगेत असाल. ऐन वेळी उभं राहून मोठ्याने म्हणावं, “मुलाच्या वडिलांना बोलू द्या!” आपला शब्द कुणी मोडणार नाही.

ता.ता.क. भाषणात भूतकाळ पूर्णपणे टाळला आहे.

ता.ता.ता.क. पाकीट चिकटवायच्या आधी हे पत्र हिच्या हातात पडलं. हिने सगळं वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि एकच स्पॅनिश शब्द उच्चारून पुन्हा फोन घेतला. शब्द क्रियापद आहे हे मी खात्रीने सांगू शकतो. काळ आणि अर्थ शोधतो आहे. आपल्याकडे मोठा शब्दकोश असल्यास उलट टपाली पाठवावा.