दीड पाऊल

११ मार्च, शनिवार सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, यातच मला पुष्कळ मिळालं.

आईचा गुडघा बराच सुधारलाय. काठी घेऊन चालते, पण पाहुणे आले की काठी दाराआड लपवते. तू वॉर्डाची मुख्य नर्स झालीस हे तिने आख्ख्या गल्लीला सांगितलं. मला मात्र शेजारणीकडून कळलं. भाऊजी आणि मुलं मजेत असतील.

माझं म्हणशील तर सकाळ-संध्याकाळ मैदानावर मुलींना शिकवते. थंडीत मांडीचा तो जुना स्नायू अजून बोंब मारतो. शंभर मीटरची विजेती जिना उतरताना कठडा धरते, हे बघून मुली तोंड लपवून हसतात. हसू देत.

उद्या आमची क्रीडा संघटना मला 'जीवनगौरव' देणार आहे. चाळिशी नुकती ओलांडलेल्या बाईचं जीवन गौरवायची एवढी घाई कशाला, कोण जाणे. भाषण लिहायला बसले. आईबाबांचे आभार झाले, पळायला शिकवणाऱ्या सरांचे झाले, बूट शिवून देणाऱ्या चांभारकाकांचेही झाले. मग तुझी पाळी आली आणि पेन अडलं. म्हणून हा दुसरा कागद घेतलाय.

मूळ मुद्द्यावर यायला मला नेहमीच वेळ लागतो. फक्त पळताना लागत नव्हता.

गेल्या महिन्यात सरांना भेटून आले. खूप खंगलेत. पलंगाशी बसवून घेतलं, इकडचं तिकडचं बोलले आणि एकदम म्हणाले, "त्या रिलेनंतर मी ट्रॅकवर जाऊन तुझी खूण मोजली होती."



"साडेपंचवीस पावलं भरली," ते म्हणाले. "आपली चोवीस ठरली होती."

"मग तेव्हा का नाही बोललात, सर?"

"आदल्या दिवशी तू सुवर्ण जिंकली होतीस. माझ्याकडे विजेती एकच होती. मोठीला काढलं तर संघ चालणार होता, तुला काढून नसता चालला." मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "मी पाप केलं."

त्यांनी केलं ते दुसरं, ताई. पहिलं माझं.

त्या दिवशी सरावानंतर तू पाणी प्यायला गेलीस तेव्हा मी खुणेची चिकटपट्टी उचलली आणि दीड पाऊल मागे लावली. तू तिसरी पळणार, मी चौथी. तू त्या पट्टीवर आलीस की मी सुटायचं, असं ठरलेलं. पट्टी मागे गेली की मी आधी सुटणार, तुझ्या हातून बॅटन घेताना भरधाव असणार, आणि घड्याळात असा आकडा दिसणार की लोक तोंडात बोटं घालतील. ताई पोचेलच, असं मी धरून चालले. तुला सांगितलं असतं तर तू "नको" म्हणाली असतीस, म्हणून सांगितलं नाही. आदल्या दिवशीचं सुवर्ण माझ्या डोक्यात गेलं होतं.

पुढचं तुला माहीत आहे. तू हात लांबवत राहिलीस, मी हाताला लागले नाही. बॅटन द्यायच्या हद्दीची रेघ आली, तू कोसळलीस आणि बॅटन शेजारच्या पट्ट्यात घरंगळत गेलं. तुझे दोन्ही गुडघे सोलले होते. तशीच तू उठून माझ्याकडे आलीस आणि मला विचारलंस, "तुला लागलं नाही ना?"

पाच मिनिटांनी माझ्यापुढे माईक आला. मी म्हणाले, "ताई दमली होती."

सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, खूण कोणी हलवली का? मी म्हणाले, "नाही सर, चोवीसच आहे." तू माझ्याकडे पाहिलंस. तुला तेव्हाच कळलं होतं ना? आणि तू म्हणालीस, "माझाच अंदाज चुकला, सर."

तुझं नाव संघातून गेलं. तू नर्सिंगला गेलीस. मी आणखी सात वर्षं पळले, पदकं आणली, नोकरी मिळवली. तुझ्या हातून रिले गेली, असंच मानून बाबा वारले. त्यांच्या आजारपणात उशाशी तू होतीस आणि मी शर्यतीला गेले होते.

अजून एक राहिलंय. तेच सगळ्यात अवघड आहे.

तू मागून "थांब!" म्हणून ओरडलीस. गोंगाटात मला ऐकू आलं नाही, असं मी आजवर सांगत आले. मला ऐकू आलं होतं, ताई. स्पष्ट. शेजारच्या पट्ट्यातली मुलगी पुढे निघाली होती, म्हणून मी थांबले नाही.

परवा आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत, मान वर झाली नाही. तशीच म्हणाली, "मला काय सांगतेस? तिला सांग. आणि जिथे खोटं बोललीस तिथे सांग."

उद्या माईकवर बोलणार आहे. बोलले तरच हे पत्र पेटीत टाकीन.

१२ मार्च, रविवार दुपार

बोलले. खूण, दीड पाऊल, "थांब", काहीही वगळलं नाही. वाटलं, आता कोणीतरी उठून जाब विचारेल.

अध्यक्ष उठले. माईक घेऊन म्हणाले, "बघा! एवढी मोठी खेळाडू, पण मन केवढं! बहिणीची चूक आज स्वतःच्या अंगावर घेतली."

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मी "अहो, तसं नाही," म्हणत होते, पण कोणाला ऐकू येणार? तोवर आभारप्रदर्शन सुरू झालं. पहिल्या रांगेत आई तेवढी हात मांडीवर ठेवून बसली होती.

त्या टाळ्याही मलाच मिळाल्या, ताई. खरं बोलूनसुद्धा मी तुझ्याच वाट्याचं घेऊन आले.

म्हणून हे लेखी देते आहे. शाईने लिहिलंय, खाली सही आहे. संघटनेला दाखव, वर्तमानपत्राला दे, मुलांना वाचून दाखव, नाहीतर चुलीत घाल. माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि मग पुन्हा मीच सुटेन.

शंभर मीटर जिंकलेली, आणि रिले घालवलेली,
तुझी धाकटी