नाल्याकडची बाजू

१२ डिसेंबर, गुरुवार

नावेला लावायचं इंजिन आलं! आलं मच्छीमार संस्थेच्या नावावर आणि बसलं आमच्या पडवीत. कारण एकच — सोबतची पुस्तिका इंग्रजीत आहे. अध्यक्ष केशोरावकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "जो वाचंल, त्याच्या घरी राहील." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली, म्हणून दुर्गेश्वरीला सगळं येतं असा गावाचा समज. मागे एकांनी म्हशीचं औषध वाचायला आणलं होतं. मी वाचलं, म्हैस बरी झाली. तेव्हापासून माझी सुटका नाही.

पुस्तिका चौसष्ट पानांची. पहिल्या नऊ पानांत माणूस कसकसा मरू शकतो एवढंच दिलंय. बाबांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "अन् चालवाचा कसा, ते कोनत्या पानावर हाये?"

१३ डिसेंबर

सुरू होतं, आणि तलावाच्या मध्यावर गेलं की बंद पडतं. तीन वेळा! बाबांनी दुखऱ्या खांद्याने वल्हं मारत परत आणलं. काठावरून कोणीतरी ओरडलं, "बी.ए. झाली ना जी तुमची पोरगी? मंग काऊन नाही चालत?"

१४ डिसेंबर

सापडलं. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर एक बारका स्क्रू असतो. तो सैल केला की आत हवा जाते आणि पेट्रोल खाली उतरतं. पान २३. मी ते पान वाचलं होतं, खाली रेघही मारली होती. पण 'झाकण घट्ट लावल्याची खात्री करा' हे पान २१ वर होतं, आणि मी क्रमाने जात होते.

आणखी एक. चालू इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार पडायला हवी. पडली तर आत सगळं थंड आहे, नाही पडली तर इंजिन जळेल. बाबांना हे सांगायला मी बरा शब्द शोधत होते. त्यांना शोधावा लागला नाही. "मुतून राहिला ना? मंग तब्येत चांगली हाये."

संध्याकाळपर्यंत अख्ख्या काठाला शब्द पाठ. "दुर्गे, मुतलं का?" मी पदवीधर आहे!

१५ डिसेंबर, रविवार

पहाटे बाबा एकटेच इंजिन घेऊन गेले. ते येईपर्यंत मी काठावर उभी. आले! चेहरा नवरदेवासारखा.

दुपारी मी बसले होते नावेत, तर लाल बोट. दिवाळीपासून पलीकडच्या काठावर बोटिंग सुरू झालंय, ते गोंदियाजवळच्या मुर्रीचा हिमांशू नावाचा मुलगा चालवतो. काळा चष्मा, मोठ्याने गाणी. आमच्यापासून दहा हातांवरून असा गेला की लाट सरळ नावेत. डब्यातली भाजी तरंगली. मी ओरडले, "जरा हळू चालवाल का, कृपया?" कृपया!! तो म्हणाला, "अरे दीदी, पानी तो सबका है!" त्याच्या बोटीतल्या लोकांनी हात हलवले. मीही हलवला. सवयीने. घरी येईपर्यंत स्वतःचा राग राग केला.

१६ डिसेंबर

जाळी फाटली. आमच्या शेजारीच जाळं टाकणाऱ्या फुलवंतामावशीचं चार हात चिरलं, केशोरावकाकांचंही. मावशी पाण्याकडे तोंड करून गोंडीत बोलल्या. मला गोंडी थोडीच येते, पण जी येते ती इथे लिहिणार नाही.

लाल बोट. दुसरं कोण?

पण खरी गोष्ट पुढेच. बोटिंगवाल्यांनी तलावाची नाल्याकडची बाजू मागितली आहे. ५ जानेवारीला संस्थेची बैठक. केशोरावकाका वैतागून म्हणाले, "रोज रोज भांडन कोन करंल? देऊन टाकू ना त्यायले. आपन इकडं गाळात टाकू जाळे." नाल्याकडे खोल पाणी आहे. तिथली जागा आमच्याकडे आजोबांपासून. गाळाच्या बाजूला कमरेएवढा चिखल, नाव ढकलत न्यावी लागते. खांद्यामुळे बाबांचा उजवा हात कानाच्या वर जात नाही. तिकडे ते आठ दिवस टिकायचे नाहीत आणि घरी बसले तर आईला आठ दिवस टिकू द्यायचे नाहीत.

आई म्हणाली, "तू शिकली ना? मंग लिही काही."

१७ डिसेंबर

हिमांशूला पत्र. पहिल्या मसुद्यात 'बेजबाबदार' लिहिलं, खोडलं. दुसऱ्यात 'आपला वेग किंचित अधिक भासतो'. बाबांनी ऐकून विचारलं, "हे लग्नाची पत्रिका हाये का?" तिसरा नेऊन दिला. त्याने उभ्या उभ्या वाचला, "हो जाएगा दीदी," म्हणाला आणि त्याच कागदाने सीटवरचं पाणी पुसलं.

१९ डिसेंबर

मला सुचलं! बोर्ड लावायचा. पाण्यात बांबूवर, जाळ्यांच्या अलीकडे. मराठीत लिहिलं — 'जाळ्यांवरून बोट नेणाऱ्यांना शिक्षा करण्यात येईल.' मग वाटलं, बोटिंगला येतात ते बालाघाट, राजनांदगावचे. त्यांना मराठी कळली नाही आणि आपण दोष दिला, तर तो अन्याय. म्हणून स्वतः हिंदी केलं. दहावीपर्यंत हिंदी होतंच, आणि कठीण शब्द तर दोन्हीकडे सारखेच असतात.

देवरीला जाऊन दुर्गाप्रसाद पेंटरकडे दिलं. म्हातारा माणूस, चष्मा दोऱ्याने बांधलेला. वाचून माझ्याकडे बघतच राहिला. "बहुत अच्छा काम कर रही हो, बेटी." डोक्यावर हात ठेवला. एका धमकीचं एवढं कौतुक!

२१ डिसेंबर

बोर्ड आला. पिवळा, लाल अक्षरं, अगदी ठळक. कोपऱ्यात त्यांनी आपल्या मनाने एक मासा आणि उघडं पुस्तक काढून दिलंय. पुस्तक म्हणजे कायद्याचं असावं. छान वाटलं. बाबांनी आणि मी बांबू ठोकला.

२३ डिसेंबर

आज पुन्हा केशोरावकाकांचं जाळं. बोर्ड असून! माणसांना कशाचीच भीती उरली नाही.

२५ डिसेंबर, बुधवार

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येईल.

नाताळची सुट्टी. अकराच्या सुमारास लाल बोट निघाली, तिच्यामागे निळी, तिच्यामागे पायडलवाल्या दोन बदक-बोटी. सरळ बोर्डाकडे. मी नावेत उभी राहून दोन्ही हात हलवले. त्या आणखी जोरात आल्या! जाळ्यांशी येऊन थांबल्या. सगळे माझ्याकडे आशेने बघतायत. बालाघाटचे एक जाड काका, मांडीवर नातू, म्हणाले, "मैडम, शिक्षा यहीं मिलेगी ना?"

मला काही कळेना. म्हटलं, "जी?"

"बोर्ड पे लिखा है ना — जाल के ऊपर से बोट ले जाने वालों को शिक्षा दी जाएगी। बच्चों के लिए ही है कि बड़ों के लिए भी?"

मागच्या बदकातून एक बाई, "कितने बजे का क्लास है?"

तेव्हा कळलं. डोक्यापासून पायापर्यंत कळलं. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण! सज़ा लिहायला हवं होतं, दंड लिहायला हवं होतं. शिकून शिकून मी काय केलं, तर लोकांना जाळ्यांवरून बोट न्यायचं आमंत्रण दिलं. रंगवून. पुस्तकासकट!

हिमांशू चष्मा वर करून म्हणाला, "दीदी, पहले बताना था ना। मैं टाइम भी लिखवा देता।"

मी बाबांच्या कानात सगळं सांगितलं. बाबा इतके हसले की नाव हलली. फुलवंतामावशी आपल्या लाकडी डोंग्यातून ओरडल्या, "हे सारे कायले आले जी?"

"शिकाले आले," बाबा म्हणाले.

मावशींनी सगळ्या बोटींवरून एकदा नजर फिरवली. "शिकाले? मंग आंधी इंजिन बंद करा. गानं बी बंद. बोंबलत कोनी शिकते का?"

बंद झालं! दिवाळीनंतर पहिल्यांदा तलावावर टिटवीचा आवाज आला. मावशींनी दीड तास शिकवलं — जाळं कुठे आहे ते थर्माकोलच्या तुकड्यांवरून कसं ओळखायचं, मासा काढताना शेपटीकडून नाही, डोक्याकडून का धरायचा. मावशी आमच्या झाडीबोलीत बोलत होत्या, बाबा त्याचं हिंदी करत होते. बाबांचं हिंदी माझ्याहून वाईट, पण सगळ्यांना कळत होतं. नातवाने जिवंत मरळ ओढली. तिने काकांच्या गालावर फाडकन शेपूट मारली. काका म्हणाले, "मिल गई शिक्षा!" सगळा तलाव हसला. मीही, पण आतून रडत होते.

२६ डिसेंबर

केशोरावकाकांना चूक कबूल केली. लेखी. म्हटलं, बोर्ड उतरवते. काका म्हणाले, "राहू दे ना. दंड लिहिला असता तं एक बी नसता थांबला."

२९ डिसेंबर, रविवार

आज सहा बोटी. सगळ्या पन्नास हात दुरून इंजिन बंद करून वल्ह्याने येतात, कारण 'टीचर' ओरडतात. मावशींनी एका वकिलाला जाळं पुन्हा पाण्यात टाकायला लावलं. दोनदा.

परतताना हिमांशूचं इंजिन घरघरायला लागलं. "दीदी, आप तो पढ़ी-लिखी हो, ज़रा देखो ना।" गेले. इंजिन वर उचललं आणि मनात एकच — पाण्यात फिरणाऱ्या पंख्यात आमच्या जाळ्याचा दोरा सापडला की पुरावा! पंखा काढला. आत बेशरमाच्या झुडपाची एक फांदी आणि शेवाळ. दोरा? एक तंतू नाही.

लबाड. साफ करून आणला असणार.

२ जानेवारी

फुलवंतामावशीचं जाळं परत फाटलं. शिकवणाऱ्या बाईचंच! माणसाने इतकं कोडगं असावं? बैठकीत बोलणार. भीती वाटते, पण बोलणार. मुद्दे लिहून काढले, अकरा झाले. बाबांना विचारलं, तुम्ही काय म्हणाल? म्हणाले, "मी काय म्हनू, मले पहाटे जा लागते." आणि टाकी भरायला गेले.

५ जानेवारी, रविवार

जिंकलो!

अकरा मुद्द्यांतला पहिलाच बोलले आणि बाकीचे विसरले. उभी राहून हिमांशूच्या तोंडावर म्हटलं, "आमची जाळी लाल बोटीने फाडली. मी खात्रीने सांगते." सगळ्यांना ऐकू गेलं. तो पहिल्यांदा चष्म्याशिवाय होता. डोळे अगदी लहान मुलासारखे. म्हणाला, "दीदी, मुझे तो पता भी नहीं चला। हुई होगी गलती।" उठला आणि सगळ्यांसमोर फुलवंतामावशींच्या पाया पडला. मावशींसाठी मुर्रीहून कोरं जाळंही घेऊन आला होता. म्हणाला, नाल्याकडची बाजू नको, फक्त रविवारची शिक्षा चालू ठेवा, लोक त्याच्यासाठीच येतात.

केशोरावकाकांनी लिहून घेतलं — नाल्याकडची बाजू आपलीच. आईने रात्री खीर केली. बाबा दोन वाट्या खाऊन म्हणाले, "शिकवलं ते वाया नाही गेलं." ते इथे लिहून ठेवते.

६ जानेवारी, सोमवार

सोमवारी बोटिंग बंद असतं. लाल बोट काठावर उलटी टाकलेली होती, मी स्वतः पाहिली. तरी मावशींचं कोरं जाळं फाटलं.

दुपारी आमच्या इंजिनाचा पंखा काढला. आजवर काढलाच नव्हता — पुस्तिकेत पान ४१ वर 'फक्त अधिकृत मेकॅनिक' असं आहे. आत दांड्यावर दोरा. निळा मावशींचा, पांढरा केशोरावकाकांचा, कोरा आजचा. थरावर थर, रिळासारखा. एक हिरवाही आहे, तो आमचाच.

चाळीस वर्षं बाबांनी वल्ह्याचा डोंगा जाळ्यांवरून सरळ नेला. डोंग्याला पंखा नसतो. चौसष्ट पानं वाचून मी त्यांना हे एवढं सांगितलं नाही.

बाबा शेजारी उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, "मले वाटलं, शेवार असंल."

दोरा पिशवीत भरला. आधी केशोरावकाका, मग मावशी, मग हिमांशूला फोन. त्याला काय म्हणायचं, माहीत नाही. बाजू राहील का, तेही नाही. मी उंबरठ्यावर, तर बाबा मागून, "थांब, मी बी येतो. चालवत तं मीच होतो ना."

चप्पल घालता घालता हळूच म्हणाले, "पन पळते मस्त, बाप्पा!"